१९८१ची बेसिक डी अँड डी: दुसऱ्या लेव्हलसाठी ४०० गॉब्लिन? हिशेब जुळत नाही

भुयारी:

पाच जणांचं टेबल आहे, सगळे डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून साहसं खेळायचा गेम) पाचव्या आवृत्तीवर वाढलेले. रविवारचे तीन तास मिळतात. चालवायची आहे टॉम मोल्डव्हे यांची १९८१ची बेसिक डी अँड डी. हाताशी 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स'ची मोफत पीडीएफ आहे, म्हणजे तेच नियम नव्याने नीट मांडलेले. वाचून काढलं, पण काही गोष्टी गळी उतरत नाहीत.

फायटरला (योद्ध्याला) दुसऱ्या लेव्हलसाठी २००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. एका गॉब्लिनचे (छोट्या राक्षसाचे) मिळतात ५. म्हणजे एकट्याने ४०० गॉब्लिन मारायचे, आणि पाच जणांत वाटून घेतलं तर दोन हजार. दुसरीकडे मॅजिक-यूझरला (जादूगाराला) डी४ एचपी (जीवाचे गुण, चार बाजूंच्या फाशाने ठरणारे), दिवसाला एकच मंत्र, आणि शून्यावर थेट मरण. दोन हजार गॉब्लिन सोडा, दोन गॉब्लिनही जड जातील.

थीफचंही (चोराचंही) तेच. पहिल्या लेव्हलला सापळा शोधायची शक्यता १० टक्के. मग त्याला घ्यायचं कशाला?

दहा मिनिटांची 'टर्न' टेबलावर नेमकी कशी मोजतात? दर हालचालीला कागदावर रेघ ओढत बसलं तर खेळणार कधी?

शेवटचं, घरात फक्त लुडोचे सहा बाजूंचे फासे आहेत. डी२० (वीस बाजूंचा फासा) येईपर्यंत काय करावं?

अवांतर: रस्ट मॉन्स्टर (धातू गंजवणारा प्राणी) म्हणे प्लास्टिकच्या खेळण्यावरून सुचला, आणि अमेरिकेत एका गेम कंपनीवर म्हणे सिक्रेट सर्व्हिसने धाड घातली होती. खरं की आंतरजालावरच्या वावड्या?

कंदीलवाला:

हिशेब जुळत नाही कारण जमेची मुख्य रक्कमच धरलेली नाही. या नियमांत भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे १ एक्सपी मिळतो. मॉन्स्टरांचे एक्सपी म्हणजे वरची चिल्लर. पाच जणांची दुसरी लेव्हल म्हणजे ढोबळमानाने दहा हजार सोन्याची नाणी. थीफला १२००, क्लेरिकला १५००, मॅजिक-यूझरला २५०० आणि एल्फला तब्बल ४००० लागतात, त्यामुळे आकडा थोडा वरखाली होईल.

याचा अर्थ असा की लढाई ही कमाई नाही, खर्च आहे. ऑर्कला मारून १० एक्सपी मिळतात, त्याच्या पाठीमागची ५०० नाण्यांची पेटी गुपचूप उचलून आणली तर ५००. पाचव्या आवृत्तीतून आलेले खेळाडू नेमकं उलटं करतात. मॉन्स्टर दिसला की तलवार उपसतात, आणि पार्टीचं (खेळाडूंच्या गटाचं) पानिपत होतं.

त्यात डीएम (खेळ चालवणारे) लोक आणखी दोन नियम 'जुनाट' म्हणून गाळतात: रिअॅक्शन रोल (समोरचे कसे वागतील याचा फासा) आणि मोराल (मॉन्स्टरांची हिंमत). या नियमांचे दाते एकमेकांत अडकलेले आहेत. एक काढलात तर बाकीचे निरर्थक वाटायला लागतात, आणि मग "जुना गेम उगाच जीवघेणा" अशी ओरड सुरू होते.

रिअॅक्शन २डी६ने (दोन सहाबाजू फाशांच्या बेरजेने) ठरते. २ आले तर लगेच हल्ला. ३ ते ५ म्हणजे वैरभाव, हल्ला होऊ शकतो. ६ ते ८ गोंधळलेले. ९ ते ११ हल्ला नाही, निघून जातात किंवा बोलणी ऐकतात. १२ म्हणजे चक्क मैत्री. आता शक्यता काढा: थेट हल्ला ३६त १, वैरभाव ३६त ९. उरलेल्या २६ वेळा, म्हणजे ७२ टक्के वेळा, समोरचा गट लढायच्या मनःस्थितीत नसतो. हा रोल न करता प्रत्येक मॉन्स्टरला अंगावर सोडलंत, तर नियमांत ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त लढाया तुम्ही स्वतःहून घुसडल्यात. रोल करण्याआधी अंतर ठरवा: भुयारात २डी६ गुणिले १० फूट. गॉब्लिन ७० फुटांवर असतील तर बोलायला, अन्न पुढे करायला किंवा पळायला जागा असते. "दार उघडता, समोर गॉब्लिन, इनिशिएटिव्ह!" (आधी वार कुणाचा याचा फासा) या सवयीने ती जागाच नाहीशी होते.

मोराल प्रत्येक मॉन्स्टरच्या नोंदीत असतं, २ ते १२. कोणत्याही एका बाजूचा पहिला गडी पडला की एकदा, आणि मॉन्स्टरांपैकी निम्मे गारद झाले की दुसऱ्यांदा २डी६ टाका. मोरालपेक्षा जास्त आले तर ते पळतात किंवा शरण येतात. दोन्ही वेळा टिकले तर मरेपर्यंत लढतात. गॉब्लिनचं मोराल ७, म्हणजे दर वेळी ४२ टक्के शक्यता मोडण्याची. दोन्ही तपासण्या निभावणारा गट तीनात एक. ऑर्कचं ८, तिथे मोडण्याची शक्यता २८ टक्के. स्केलेटन आणि झोंबीचं १२, ते कधीच पळत नाहीत. म्हणूनच पहिल्या लेव्हलला तीन स्केलेटन हे सहा गॉब्लिनांपेक्षा अवघड.

पळ काढणं हाही नियमातलाच भाग आहे. पाठलाग सुरू झाला की बुद्धी नसलेल्या मॉन्स्टरपुढे अन्न टाका, बुद्धी असलेल्यापुढे नाणी. डी६वर १ ते ३ आले तर ते थांबतात. वेगाचं गणित आधी करून ठेवा: गॉब्लिनचा वेग टर्नला ६० फूट, चामड्याच्या चिलखतातल्या माणसाचा ९०, धातूच्या चिलखतात ६०, आणि धातूच्या चिलखतावर लुटीचं ओझं असेल तर ३०. ऑर्क १२०ने येतो. लूट घेऊन निघालेला प्लेट-मेलवाला (पत्र्याच्या चिलखतातला) फायटर कुणालाच मागे टाकू शकत नाही. ही गोष्ट खेळाडूंना पहिल्याच रविवारी सांगून टाका, नाहीतर सगळेच ६० नाणी मोजून प्लेट-मेल घेऊन बसतील.

मॅजिक-यूझरबद्दल: त्याला 'स्लीप' (झोपेचा मंत्र) द्या, मग बघा. २डी८ हिट डाइसचे (मॉन्स्टरची ताकद मोजायच्या फाशांचे) मॉन्स्टर एका फटक्यात झोपतात, सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) नाही, पल्ला २४० फूट. सरासरी ९ गॉब्लिन. त्या लेव्हलला याहून मोठं शस्त्र कुणाकडेच नाही, फक्त दिवसातून एकदा. म्हणून स्लीप आपणहून शोधलेल्या लढाईत वाया घालवायचा नसतो, फसलेल्या माघारीसाठी राखायचा असतो. एचपी १ किंवा २ आले तर पहिल्या लेव्हलला पुन्हा टाकू देण्याची मुभा खुद्द मोल्डव्हेंच्या पुस्तकातच आहे, ती वापरा. त्याहून जास्त लाड नकोत.

सुरुवातीचे पैसे ३डी६ गुणिले १०, म्हणजे सरासरी १०५ नाणी. खरेदीत हे विसरू नका: मशाली १ नाण्याला ६, तेलाची कुपी २ नाणी, दहा फुटी काठी १ नाणं, ५० फूट दोर १ नाणं, लोखंडी खुंट्या १२ नगांना १ नाणं. तेल पेटवून फेकलं तर १डी८ इजा, दोन राउंड (लढाईच्या दहा सेकंदांच्या फेऱ्या). दोन नाण्यांत तलवारीची बरोबरी! यावर खेळाडू लवकरच खूश होतात आणि प्रत्येक जण दहा कुप्या बांधून येतो. तेव्हा दोन गोष्टी करा. फेकणाऱ्याशेजारी पेटती मशाल कुणाच्या हातात आहे ते दर वेळी विचारा, आणि शहाण्या मॉन्स्टरांनाही तेल द्या.

उरलेल्या पैशांतून भाडोत्री माणसं घ्या. मोल्डव्हेंचे नियम त्यांना रिटेनर म्हणतात. किती ठेवता येतील ते कॅरेक्टरच्या करिष्मा या गुणावर: ९ ते १२ असेल तर ४ जण, मोराल ७. १३ ते १५ असेल तर ५ जण, मोराल ८. करिष्मा ही इथे दुय्यम गोष्ट नाही. लुटीच्या वाट्यात प्रत्येक रिटेनर खेळाडूच्या निम्मे एक्सपी घेतो, आणि खेळाडूचं कॅरेक्टर मेलं की त्याच क्षणी रिटेनर हातात घेऊन तो खेळत राहतो, अर्धा तास नवीन कॅरेक्टर बनवत बसत नाही.

पाचवीपास:

म्हणजे मुनीमगिरीच झाली की. मशाली मोजा, नाण्यांचं वजन मोजा, पावलं मोजा. यात रोलप्लेइंग कुठे आहे?

कंदीलवाला:

@पाचवीपास, वजन हा कंटाळा नाही, निर्णय आहे. १० नाणी म्हणजे १ पाउंड, आणि एका माणसाची कमाल क्षमता १६०० नाणी. चांदीची दहा नाणी मिळून सोन्याचं एक. म्हणजे अंगावर दुसरं काहीही न घेता एक माणूस १६०० चांदीची नाणी आणेल, आणि त्याचे होतील १६० एक्सपी. उलट एखादा दागिना ३डी६ गुणिले १०० नाण्यांचा, सरासरी १०५०, आणि वजन १० नाण्यांचं. चांदीने भरलेली खोली सापडली आणि मशाली दोनच उरल्या की टेबलावर जी वादावादी होते, तेच रोलप्लेइंग. कोण राहणार, कोण खेचर आणायला जाणार, परत येईपर्यंत ऑर्क येतील का. ज्यांना हे नको त्यांनी दुसरा गेम खेळावा, त्यात काही बिघडत नाही.

मशालजी:

थीफ आणि टर्न, दोन्हीवर लिहितो.

थीफचे आकडे पहिल्या लेव्हलला असे: कुलूप १५, सापळा १०, खिसे कापणं २०, आवाज न करता चालणं २०, सावलीत लपणं १०, आणि चढणं ८७. गैरसमज असा की सापळा फक्त थीफच शोधू शकतो, तोही १० टक्क्यांनीच. तसं नाही. खड्डा, तार, सरकती फरशी, असल्या गोष्टी कुणीही शोधू शकतं, काठीने ठोकून, पाणी ओतून फटी बघून, "मी चौकटीच्या वर हात न लावता मशाल धरतो" असं सांगून. फासा टाकायची गरजही नाही. सापळ्यावर पाय पडला तरी तो सुटायची शक्यता डी६वर १ ते २ इतकीच असते, म्हणून पुढचा निवांत गेला तरी तिसरा पडू शकतो. थीफचे १० टक्के आहेत पेटीच्या कुलपातल्या विषारी सुईसारख्या बारीक कामासाठी, जिथे वर्णनाने काही कळत नाही. ते त्याला वरचं मिळतं, इतरांच्या बदली नाही. आणि ८७ कडे बघा! पार्टी दोर घेऊन खाली उभी असते तेव्हा वर जाणारा तोच.

गल्लत होते ती डीएमकडून. खेळाडूने योग्य ठिकाणी योग्य गोष्ट तपासली, तरी डीएम म्हणतो "आता सापळा शोधायचा रोल कर". मग दुसऱ्या सेशनपासून कुणी वर्णन करत नाही, सगळे फासेच टाकतात, आणि ९० टक्के वेळा हरतात.

आता टर्न. चौकटीच्या वहीचं एक पान घ्या, एका ओळीत २४ चौकटी. प्रत्येक चौकट एक टर्न. सुरुवातीलाच या खुणा करून ठेवा: प्रत्येक दुसऱ्या चौकटीत टिंब (भटक्या मॉन्स्टरची तपासणी, डी६वर १), प्रत्येक सहावीत 'वि' (विश्रांतीची टर्न) आणि तिच्याखाली रेघ (मशाल विझली). कंदील असेल तर २४व्या चौकटीत तेल संपलं. विश्रांती टाळली तर हल्ला आणि इजा दोन्हींवर उणे १, विश्रांती घेईपर्यंत.

दर पावलाला रेघ ओढायची नाही. खेळाडूंनी काय करायचं ते ठरवलं की एक चौकट खोडा. एक चौकट कशाकशाला जाते: वेगाइतकं अंतर नकाशा काढत चालायला (प्लेट-मेलवाला सोबत असेल तर सगळ्यांना ६० फूट), १० फूट गुणिले १० फूट जागेत गुप्त दार शोधायला, आणि लढाईला. लढाई तीन राउंडांत म्हणजे ३० सेकंदांत संपली तरी श्वास घेणं, शस्त्रं पुसणं, जखमा बांधणं धरून पूर्ण टर्न गेली. अडकलेलं दार ढकलायला चौकट घेऊ नका, पण पहिला प्रयत्न फसला तर (साध्या ताकदीला डी६वर १ ते २) आतले सावध झाले, अचानक गाठायची संधी गेली. दाराला कान लावायचा रोल प्रत्येकाचा एकदाच, माणसाला डी६वर १, एल्फ-ड्वार्फ-हाफलिंगला १ ते २.

१८ चौकटी म्हणजे खेळातले तीन तास, तीन मशाली, भटक्यांच्या नऊ तपासण्या. एकही न येण्याची शक्यता १९ टक्के, सरासरी दीड भेट. भटक्यांकडे सहसा लूट नसते, म्हणून खोलीन् खोली चाचपत बसण्याची किंमत इथे वसूल होते. हे टिंबांचं पान खेळाडूंना दिसेल असंच टेबलावर ठेवा. लपवलंत तर त्यांना वेळेचं भानच राहत नाही, आणि भटके मॉन्स्टर म्हणजे डीएमने काढलेला राग वाटतो.

टेबलावर दोन कामं खेळाडूंना वाटून द्या, पुस्तकातही ती आहेतच. एक कॉलर, जो गटाचा निर्णय डीएमला एकदाच सांगतो. पाच जण एकदम बोलायला लागले की त्याची किंमत कळते. दुसरा मॅपर, चौकट म्हणजे दहा फूट. त्याला "उत्तरेला ३० फूट, मग पूर्वेला वळण" एवढंच सांगा. त्याच्या हातातलं पेन घेऊन नकाशा सुधारू नका. वाट चुकणं हा खेळाचाच भाग आहे.

आणि इनिशिएटिव्ह गटाची घ्या, प्रत्येक बाजूला एक डी६, दर राउंडला नवीन. वैयक्तिक इनिशिएटिव्ह आणलीत तर दहा रिटेनर-बिटेनर धरून एक राउंड वीस मिनिटांचा होतो. मंत्र टाकायचा असेल तर इनिशिएटिव्हच्या आधी जाहीर करायचा. त्या राउंडला आधी फटका बसला तर मंत्र गेला, हे ठाम पाळा.

एसी (चिलखताचा आकडा) उलटी आहे, कमी तितकी चांगली, म्हणून घाबरू नका. पहिल्या तीन लेव्हलच्या फायटरला डी२०चा आकडा अधिक समोरच्याची एसी मिळून १९ किंवा जास्त झाली की वार लागला. बिनचिलखती ९, चामडं ७, चेन ५, प्लेट ३, ढाल असेल तर आणखी एक कमी. तक्ता बघायची गरजच नाही.

गणितीमावशी:

लुडोचे फासे पुरेसे आहेत, फक्त बेरीज-वजाबाकीच्या फंदात पडू नका. डी२०ऐवजी ३डी६ टाकायची कल्पना हमखास कुणीतरी काढतं. डी२०वर १७ किंवा जास्त येण्याची शक्यता २० टक्के, ३डी६वर २१६त ४, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. प्लेट-मेलवाल्याला कुणी स्पर्शही करू शकणार नाही.

बरोबर पद्धत अशी. दोन रंगांचे सहाफासे घ्या, समजा लाल आणि पांढरा.
डी४: लाल टाका, ५ किंवा ६ आले तर पुन्हा.
डी८: लालने १ ते ४ काढा, पांढरा सम आला तर त्यात ४ मिळवा.
डी१०: लाल टाका, ६ आले तर पुन्हा. पांढरा सम आला तर ५ मिळवा.
डी१२: लाल जसा आहे तसा, पांढरा सम आला तर ६ मिळवा.
डी२०: लालने १ ते ५ काढा. पांढऱ्याने १ ते ४ काढा (५-६ आले तर पुन्हा), आणि १ला शून्य, २ला ५, ३ला १०, ४ला १५ मिळवा.

जुन्या सारीपाटाचे लांबट पासे घरात असतील तर डी४ तयारच आहे. चार लांब बाजूंवर टिंबं काहीही असोत, कुठली बाजू १ आणि कुठली ४ ते आधी ठरवा.

त्याहून सोपं म्हणजे हाऊजी. तंबोल्याच्या संचातल्या १ ते २० सोंगट्या पिशवीत टाका, हा झाला डी२०. १ ते ८ वेगळ्या पिशवीत, डी८. काढलेली सोंगटी प्रत्येक वेळी परत टाकून पिशवी हलवायची, यात आळस केला की सगळं बिघडतं: २० एकदा आला की तो पुन्हा येणारच नाही. थीफच्या टक्क्यांसाठी १ ते ९० अधिक दहा कागदी चकत्या ९१ ते १०० लिहून.

हा जुगाड अगदीच परंपरेला धरून आहे बरं का. १९७७ची होम्स यांची बेसिक पेटी निघाली आणि पुढे फाशांचा तुटवडा झाला, तेव्हा टीएसआरने (डी अँड डीच्या प्रकाशकांनी) पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या होत्या. कपात घालून काढायच्या. त्या काळचे फासे मुळात शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या क्रिएटिव्ह पब्लिकेशन्सकडून येत. डी२०वर ० ते ९ दोनदा कोरलेले असायचे. एका संचाला वेगळा रंग लावून त्याला 'अधिक दहा' समजायचं. १९८१च्या पेटीतल्या फाशांचे आकडे रंगवलेलेच नव्हते, सोबत मेणाचा खडू मिळे. आजही बिनरंगी फासे मिळाले तर तेच करा: खडू कोरीव आकड्यावर दाबून घासा, कोरड्या फडक्याने वरचा थर पुसा, आत भरलेला राहतो.

नवे फासे मागवलेत तर मिठाच्या पाण्याची चाचणी करून दाखवणारे व्हिडिओ सापडतील. १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळलं की द्रावण भरलं, त्याची घनता १.२च्या आसपास. अॅक्रिलिकची १.१८, म्हणून ते जेमतेम तरंगतं. त्याहून जड रेझिनचे फासे तळाशी बसतील, त्यात फाशाचा दोष नाही. तरंगणारा फासा पुन्हा पुन्हा त्याच बाजूने वर आला तर आत बुडबुडा आहे, एवढंच कळतं. टेबलावर किती फरक पडतो ते मोजायचं असेल तर डी२० २०० वेळा टाका, प्रत्येक आकडा १० वेळा अपेक्षित. प्रत्येक आकड्यासाठी (आलेले वजा १०)चा वर्ग भागिले १०, वीसही मिळवा. बेरीज ३०.१४च्या वर गेली तर संशय घ्या, आणि आणखी २०० टाका. बारीकसारीक खोट यात सापडत नाही, ढोबळ सापडते.

पोथीनिष्ठ:

अवांतरावर. खेळण्यांचं खरं आहे. डी अँड डीचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांचं पाकीट मिळालं होतं. नाव डायनोसॉर, पण त्यातले काही ओळखीच्या कुठल्याच डायनोसॉरशी जुळत नव्हते. टेबलावर ते मॉन्स्टर म्हणून आले आणि मग नियमांत शिरले. रस्ट मॉन्स्टर आणि आउलबेअर १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत. बुलेट हा आणखी एक मॉन्स्टर टिम कास्क यांच्या लेखातून, १९७६च्या 'द ड्रॅगन' नियतकालिकाच्या पहिल्या अंकात. रस्ट मॉन्स्टरच्या शेपटीचा तो चमत्कारिक पंखा खेळण्यातूनच आला आहे. आणि प्लेट-मेलवर डोळा ठेवणाऱ्यांसाठी तोच सगळ्यात चांगला इलाज.

धाडही खरी, पण तिच्याभोवती बरीच भर पडली आहे. १ मार्च १९९० रोजी टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या कचेरीवर सिक्रेट सर्व्हिसने छापा घातला. 'गर्प्स सायबरपंक' या नियमपुस्तकाचा मसुदा असलेले संगणक आणि 'इल्युमिनाटी' नावाचा बुलेटिन बोर्ड (फोनने जोडला जाणारा संगणकी संदेश-फलक) उचलून नेला. पुस्तक संगणक-गुन्ह्यांची मार्गदर्शिका आहे असं त्यांच्या एजंटचं म्हणणं. मूळ चौकशी होती बेलसाउथ कंपनीच्या ९११ सेवेच्या एका दस्तऐवजाची, जो हॅकरांच्या 'फ्रॅक' या नियतकालिकात छापला गेला होता, आणि पुस्तकाचा लेखक त्या हॅकर वर्तुळातला होता. कंपनीवर कुठलाही आरोप ठेवला गेला नाही. याला सर्रास 'ऑपरेशन सनडेव्हिल'चा भाग म्हणतात, ते चूक. ती हॅकरांविरुद्धची वेगळी मोहीम. १९९३मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, ५० हजार डॉलर भरपाई आणि वकिलांचा खर्च. मुद्दा गेमचा नव्हताच, बोर्डावरची लोकांची न वाचलेली खाजगी पत्रं सरकारने ताब्यात घेतली याचा होता. डिजिटल हक्कांसाठी लढणारं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन १९९०च्या जुलैत उभं राहिलं ते अशाच प्रकरणांतून.

असंच आणखी एक: १९७४च्या मूळ पेटीत हॉबिट, एंट, बॅलरॉग अशी सरळ नावं होती. टॉल्किनच्या हक्कदारांकडून तंबी आल्यावर हॉबिटचा हाफलिंग झाला, एंटचा ट्रीएंट.

भुयारी:

सगळ्यांचे आभार, रिअॅक्शनचे ३६तले २६ डोक्यात बसले. आता एकच. भुयार स्वतः काढावं की 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे तयार साहस घ्यावं? आणि ती दहा हजार नाणी ठेवायची कुठे? तक्त्यावर टाकून बघितली तर फारच थोडी निघतात.

मशालजी:

थोडीच निघणार. खोली भरायचा तक्ता डी६वर आहे: १-२ मॉन्स्टर, ३ सापळा, ४ विशेष, ५-६ रिकामी. लूट असण्याची शक्यता मॉन्स्टरच्या खोलीत ६त ३, सापळ्याच्या ६त २, रिकाम्या ६त १. पहिल्या पातळीवर बिनपहाऱ्याची लूट म्हणजे १डी६ गुणिले १०० चांदी, आणि निम्म्या वेळा १डी६ गुणिले १० सोनं. सरासरी पन्नासेक सोन्याची. तीस खोल्यांत अशा तीन-चार जागा निघतात. रत्नं-दागिने सोडले तर दोनशे एक्सपीही होत नाहीत. म्हणून आधी मोठी लूट हाताने ठेवायची, चार-पाच ठिकाणी, आणि उरलेल्या खोल्या तक्त्याने भरायच्या. खेळाडूंना सगळं सापडत नाही, तेव्हा भुयारात वीसेक हजारांचा माल पेरा. निम्मा दागिन्यांत, नाहीतर वाहून नेणंच अशक्य. मोठा साठा गुप्त दारामागे ठेवलात तर त्याचा सुगावा दुसरीकडे कुठेतरी असू द्या. नुसत्या डी६वर १ च्या भरवशावर तो कायमचा भिंतीत राहील.

पहिल्या वेळी 'कीप' घ्या. १९८१च्या पेटीत तेच मॉड्यूल (तयार साहस) होतं. अडचणी दोन. एक, किल्ल्यातल्या माणसांना नावंच नाहीत, फक्त हुद्दे. कॅस्टेलन, क्युरेट वगैरे. सहा-सात नावं आधी लिहून ठेवा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत अडकाल. दोन, त्यातल्या केव्हज ऑफ केऑस या गुहांमध्ये एकेक गुहा म्हणजे एकेक टोळीचं घर आहे. आरडाओरड झाली की आतले सगळे बाहेर येतात. पार्टीने एक गुहा एका दमात साफ करायला घेतली तर स्लीपही पुरणार नाही. गॉब्लिनांची शेजारच्या ओगरशी सोय आहे, संकट आलं की त्याच्यापुढे २५० सोन्याची थैली टाकतात आणि तो मदतीला येतो. तो आकडा नीट बघा: खेळाडूंनी त्याला आधी जास्त दिले तर? टोळ्यांची आपसातली भांडणं वहीत एका पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक टोळीसमोर रिअॅक्शनचा रोल कराच.

कंदीलवाला:

भर एवढीच: नियम एकाच पुस्तकातले वापरा. मोफत आहे म्हणून 'बेसिक फँटसी' या दुसऱ्या गेमचे मॉन्स्टर उचलू नका. तिथे एका हिट डाइसचे २५ एक्सपी आहेत, इथे १०, आणि एसी चढती आहे. पाचव्या आवृत्तीचा गॉब्लिन तर मुळीच नको, २०१४च्या पुस्तकात त्याचे सरासरी एचपी ७, इथे १डी८ वजा १, सरासरी साडेतीनच्या आसपास. आणि लूट बाहेर आल्यावरच एक्सपी द्या. रविवारचे तीन तास संपले आणि पार्टी आतच असेल तर त्या दिवशी काहीच जमा होत नाही, म्हणून शेवटचा पाऊण तास उरला की कॉलरला विचारा: परतीला किती चौकटी लागतील?